मोठा अग्निबाण उलटतो कां?

गेल्या वर्षीं सहामाही परीक्षा आटोपल्यानंतर एका शनिवारीं दुपारीं नववीच्या वर्गांतील चार मुलगे व दोन मुली आमच्याकडे एक तक्रार घेऊन आलीं. तक्रार कोणा सोबत्याविरुद्ध नव्हती. ती एका अग्निबाणाविरुद्ध होती. आमच्या विज्ञानमंडळाच्या सभासदांस शनिवारीं दोन तास शाळेच्या संगणकावर अवकाशप्रवासाचा एक खेळ खेळण्याची परवानगी आहे. त्या खेळांत या मंडळींनीं एका प्रवाशास घेऊन जाणारा लहानसा अग्निबाण यशस्वी रीतीनें उडविला होता. त्या यशानें हुरूप येऊन त्यांनीं तिघांस नेणारा व पहिल्याच्या तिप्पट उंचीचा दुसरा अग्निबाण रचिला. तो जमिनीवरून मोठ्या दिमाखानें उठे, कांहीं सहस्र मीटर सरळ जाई, आणि मग कोणीं मान धरून वांकवावी त्याप्रमाणें डोकें खालीं व शेपूट वर करून कोसळे. असें सात वेळां झालें होतें.

आम्हीं क्षणाचाहि विलंब न करितां उत्तर दिलें, "तळ जड करा." गुरुत्वमध्याचा धडा आम्ही अठरा वर्षें शिकवीत आहों. समई कलंडत नाहीं, कारण तिचा तळ जड व रुंद असतो. कडब्यानें उंच भरलेली गाडी उतरणीवर कलंडते, कारण तिचा गुरुत्वमध्य वर गेलेला असतो. मुलांनीं आमच्या सांगण्याप्रमाणें तळाशीं जड भाग बसविले. पुढच्या शनिवारीं त्यांपैकीं एक मुलगी आमच्या टेबलाजवळ येऊन अत्यंत नम्रपणें म्हणाली, "सर, आतां तो आधींपेक्षां लवकर उलटतो."

शिक्षकाची चूक विद्यार्थ्यानें दाखविली तर पहिल्या क्षणीं जें वाटतें तें आम्हांसहि वाटलें. परंतु त्या रात्रीं आम्ही वही-पेन्सिल घेऊन बसलों, आणि आमचें उत्तर चुकलें कोठें हें शोधतां शोधतां जें हातीं लागलें तें या लेखांत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडीत आहों.

प्रथम या खेळाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. त्याचें नांव केर्बल स्पेस प्रोग्राम. मेक्सिको देशांतील स्क्वाड नांवाच्या कंपनीनें तो तयार केला. २०११ च्या जून महिन्यांत तो प्रथम लोकांपुढें आला व २०१५ च्या एप्रिलमध्यें पूर्ण स्वरूपांत प्रसिद्ध झाला. केर्बिन नांवाचा एक कल्पित ग्रह, त्यावर राहणारे हिरव्या अंगाचे व मोठ्या डोक्याचे केर्बल, आणि त्यांचा एक अवकाशतळ, एवढें त्याचें साहित्य. त्यांत कोणास मारावयाचें नसतें, कीं कोणाशीं लढावयाचें नसतें. इंधनाच्या टाक्या, इंजिनें, पंख, प्रवाशांचा कक्ष असे सुटे भाग जोडून अग्निबाण रचावा आणि तो उडवावा. पुढचें काम गुरुत्वाकर्षणाचे व हवेचे नियम करितात. केर्बिनची त्रिज्या अवघी ६०० किलोमीटर आहे. आपल्या पृथ्वीची सुमारें ६,३७१. असें असूनहि त्याच्या पृष्ठभागावर गुरुत्वाकर्षण मात्र पृथ्वीइतकेंच आहे. इतक्या लहान गोळ्यास इतकी ओढ असावयाची तर तो सोन्याच्या तिप्पट घन द्रव्याचा घडलेला असला पाहिजे! ही सवलत खेळ रचणारांनीं स्वतःस घेतली आहे, आणि ती घेतली हें बरेंच झालें. तिचें कारण पुढें येईल.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. समई उभी राहते ती जमिनीवर. ती कलती झाली म्हणजे तिच्या तळाची एक कड जमिनीवर टेकलेली राहते आणि त्या कडेभोंवतीं तिचें वजन तिला पुन्हां बसतें करितें. जमिनीचा आधार हाच त्या सर्व प्रकाराचा पाया आहे. उडत्या अग्निबाणाच्या पायाखालीं जमीन असते काय? अधांतरीं असलेली वस्तु फिरते ती आपल्या गुरुत्वमध्याभोंवतीं. पृथ्वीची ओढ त्या मध्यांतूनच जात असल्यामुळें ती वस्तूस खालीं ओढील, पण फिरविणार नाहीं. इंजिनाचा रेटा अग्निबाणाच्या कण्यांतून सरळ जात असेल तर तोहि तिला फिरविणार नाहीं. मग फिरविणारें राहिलें कोण? केवळ हवा. अग्निबाण किंचित् तिरपा झाला कीं समोरून येणारी हवा त्याच्या कुशीवर दाब टाकते. हा दाब सर्व अंगावर पसरलेला असला तरी त्याचा एकंदर परिणाम एका बिंदूवर होतो असें मानतां येतें. त्या बिंदूस आपण दाबमध्य म्हणूं.

सारें मर्म या दोन बिंदूंच्या क्रमांत आहे. गुरुत्वमध्य पुढें व दाबमध्य मागें असेल तर हवा शेपटीस मागें ढकलून अग्निबाणास पुन्हां सरळ करिते. दाबमध्य पुढें असेल तर तीच हवा डोक्यास अधिकच बाजूस लोटते. थोडा कल मोठा होतो, मोठ्याचा त्याहून मोठा होतो, आणि अखेर शेपूट पुढें येते. बाणाचें टोंक लोखंडाचें व पिसें मागें कां असतात याचें उत्तर हेंच आहे. बॅडमिंटनचें फूल कसेंहि मारा, तें बुचाकडूनच पुढें जातें. दिवाळींत आपण जो बाण उडवितों त्याच्या मागें लांब काडी लावलेली असते, ती केवळ बाटलींत उभा करण्यासाठीं नव्हे. कोणा उतावळ्या मुलानें ती काडी मोडून बाण पेटविला असेल, तर तो कोणाच्या अंगणांत शिरला हें त्या मुलास पक्कें आठवत असेल.

आतां आमच्या चुकीचें स्वरूप वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. तळ जड करावयास सांगून आम्हीं गुरुत्वमध्य मागें ओढिला, म्हणजे बाणाचें लोखंडी टोंक काढून तें पिसांच्या जागीं बसविलें. मुलांच्या रचनेंत मूळचाहि एक दोष होताच. बारीक खांबासारख्या अंगावर त्यांनीं तीन माणसांचा दुप्पट रुंद कक्ष बसविला होता, त्यामुळें दाबमध्य आधींच डोक्याकडे गेला होता. दोष आणि उपाय असे दोन्ही एकाच बाजूस मिळाल्यावर अग्निबाणानें दुसरें काय करावें?

तो दर वेळीं जवळजवळ एकाच उंचीवर कां उलटे हा प्रश्न मात्र मुलांनीं होऊन विचारिला, आणि तो उत्तम प्रश्न होता. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. उलटपक्षीं, जों जों वर जावें तों तों हवा विरळ होत जाते. म्हणून आरंभीं वेग थोडा असल्यामुळें दाब थोडा, पुष्कळ उंचीवर हवाच नाहींशी झाल्यामुळें दाब थोडा, आणि मध्यें कोठेंतरी तो सर्वांत अधिक. खऱ्या अग्निबाणांसहि ही घटका चुकत नाहीं. इंजिनाचें तोंड किंचित् वळवून सुकाणू धरण्याची सोय मुलांच्या अग्निबाणांत होती; ती त्या घटकेपर्यंत हवेशीं झगडत असे, आणि त्या घटकेस हरत असे.

उपाय यावरून सुचतातच. पंख लावावयाचे ते अगदीं तळाशीं, डोक्याजवळ कधींहि नाहीं. रुंद ओझ्यावर निमुळतें टोपण चढवावें. खालच्या दाट हवेंत विनाकारण घाई करूं नये. चढतांना इंजिनाचा जोर आवरतां येतो, तो आवरावा. इंधन संपत जातें तसा गुरुत्वमध्य हलतो हेंहि विसरूं नये: वरच्या टाक्या आधीं रिकाम्या झाल्या तर डोकें हलकें होतें आणि उड्डाणाच्या आरंभीं शहाणा असलेला अग्निबाण मध्येंच बिघडतो. कोणती टाकी आधीं रिकामी व्हावी हा क्रम खेळांत ठरवून देतां येतो. रचनागृहांत एक बटन दाबलें असतां गुरुत्वमध्य पिवळ्या गोळ्यानें व दुसरा मध्य निळ्या गोळ्यानें दिसतो. परंतु सावध! तो निळा गोळा केवळ पंखांचाच हिशोब सांगतो. रुंद डोक्यास हवेचा जो अडथळा होतो तो त्यांत धरिलेला नाहीं. निळा गोळा मागें दिसतो म्हणून निश्चिंत झालेले आमचे दोन विद्यार्थी पुन्हां एकदां तोंडघशीं पडले.

वळण्याविषयीं एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कोणा वडील भावानें मुलांस सांगितलें होतें कीं, दहा किलोमीटर सरळ वर जावें आणि मग एकदम अर्धा काटकोन वळावें. हा सल्ला एके काळीं बरोबर होता. २०१५ पूर्वींच्या आवृत्त्यांत हवेचा हिशोब फार ढोबळ होता आणि खालची हवा काकवीसारखी दाट मानिलेली होती. पूर्ण आवृत्तींत तो हिशोब सुधारला आणि तोच सल्ला घातक ठरला. वेगानें जाणाऱ्या अग्निबाणाची कूस एकदम हवेपुढें करणें म्हणजे त्यास उलटण्याचें आमंत्रण देणें होय. आतां उठल्यावर लवकरच थोडेंसें कलावें आणि पुढचें वळण गुरुत्वाकर्षणाकडून हळूहळू होऊं द्यावें.

आमच्या चुकीची लाज थोडी कमी करणारी एक हकीकतहि सांपडली. अमेरिकेंतील रॉबर्ट गॉडर्ड यांनीं १६ मार्च १९२६ रोजीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील ऑबर्न गांवीं द्रवरूप इंधनाचा जगांतील पहिला अग्निबाण उडविला. तो अडीच सेकंद हवेंत होता व सुमारें १२ मीटर उंच गेला. त्या अग्निबाणाचें इंजिन कोठें असावें? सर्वांत वर! इंधनाच्या टाक्या त्याच्या खालीं लोंबत होत्या. वरून ओढलेली वस्तु लंबकाप्रमाणें आपोआप सरळ राहील अशी ती कल्पना. परंतु लंबक ज्या खिळ्यास टांगलेला असतो तो खिळा भिंतींत पक्का असतो. अग्निबाणाचें इंजिन हा खिळा अग्निबाणाबरोबरच कलतो, आणि अग्निबाण जिकडे कलेल तिकडेच ओढतो. गॉडर्ड यांनीं पुढें इंजिन तळाशीं आणिलें. इतक्या थोर संशोधकास जी भूल पडली तिच्या शेजारची भूल एका शाळामास्तरास पडली, तर विद्यार्थ्यांनीं ती पोटांत घालावी.

पंख तळाशीं गेले, टोपण चढलें, आणि अग्निबाण उलटावयाचा थांबला. आतां तो डोलूं लागला. शेवग्याची ओली शेंग हालवावी तसा तो उभ्याउभ्या लवे, एकदां डावीकडे, एकदां उजवीकडे, आणि एखादा सांधा तुटून दुभंग होई. याचें कारण खेळाच्या घडणींत आहे. तेथील प्रत्येक भाग केवळ एकाच 'पालक' भागास जोडलेला असतो. वंशवृक्षाप्रमाणें फांद्या फुटतात, पण दोन फांद्या पुन्हां एकमेकींस मिळत नाहींत. शिवाय प्रत्येक सांधा थोडासा लवचिक असतो. आठ लहान टाक्या एकीवर एक रचिल्या तर त्यांच्यामध्यें सात लवचिक सांधे झाले; तेवढेंच इंधन एका लांब टाकींत घातलें तर त्यांच्यामध्यें एकहि सांधा नाहीं. जाड सांधा बारीक सांध्याहून ताठ असतो. म्हणून अग्निबाण मोठा करावयाचा तर तो उंच करीत जाण्यापेक्षां जाड करावा, आणि भाग थोडे पण मोठे घ्यावे. टाक्या सव्वा मीटर, अडीच मीटर, पावणेचार मीटर अशा रुंदींच्या मिळतात, त्या याचसाठीं.

दुसरा उपाय टेकूंचा. खेळांत स्ट्रट नांवाच्या काठ्या मिळतात; त्या दोन दूरच्या भागांस परस्पर बांधून वंशवृक्षाचें तें बंधन मोडतात. या टेकूंविषयीं आम्हांस एका पालकांनीं धडा दिला. या गृहस्थांनीं आम्हांस रागाचें पत्र लिहिलें होतें. मुलास गणितांत पस्तीस गुण मिळत नाहींत आणि शाळा त्यास अग्निबाण उडवावयास शिकविते, हा कोणता न्याय, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न खरा होता. आम्हीं उत्तर लिहिलें नाहीं. मुलाची अग्निबाणांची वही तेवढी घरीं पाठविली. त्या वहींत प्रत्येक अपघाताची नोंद, त्या वेळची उंची व वेग, आणि रचनेची आकृति काढलेली होती. ते गृहस्थ रेल्वेच्या कारखान्यांत फिटर आहेत. तीन दिवसांनीं वही परत आली. आकृतींतील सारे टेकू मुलांनीं आडवे, शिडीच्या पायऱ्यांप्रमाणें घातले होते, त्यांवर पेन्सिलीनें तिरप्या रेघा ओढल्या होत्या आणि खालीं एकच ओळ लिहिली होती: "चौकोन मुरडतो, त्रिकोण मुरडत नाहीं." इमारतीच्या परांचीस तिरपा बांबू कां बांधतात आणि छपराची कैची त्रिकोणी कां असते हें त्या मुलानें पुस्तकांत दोनदां वाचलें होतें. बापाच्या पेन्सिलीनें तें त्यास कळलें. टेकू तिरपे केल्यावर डोलणें पुष्कळ कमी झालें.

पूर्णपणें मात्र गेलें नाहीं, आणि उरलेल्या डोलण्याचें कारण फारच मौजेचें निघालें. अग्निबाणाची दिशा सांभाळणारें यंत्र डोक्यांतील कक्षांत बसलेलें असतें. अंग लवलें म्हणजे डोकें कलतें. यंत्रास वाटतें, अग्निबाणच वळला. तें तळाच्या इंजिनास उलट वळण्याची आज्ञा देतें. तोंपर्यंत अंग दुसरीकडे लवूं लागलेलें असतें, आणि ती आज्ञा त्या लवण्यास आणखी जोर देते. झोंक्यास योग्य वेळीं हात लावीत राहिल्यानें तो चढतो, तसेंच हें. त्यावर उपाय असा कीं, इंजिनाच्या वळण्यास मर्यादा घालावी आणि दिशेचें मोजमाप गुरुत्वमध्याजवळच्या भागावरून घ्यावें. खऱ्या अग्निबाणांसहि आपल्याच हालचालीनें आपले हाल करून घेण्याचा हा रोग होतो. ४ एप्रिल १९६८ रोजीं उडालेल्या अपोलो ६ या निर्मनुष्य यानाचा सॅटर्न ५ अग्निबाण वर चढतांना लांबीच्या दिशेनें जोरजोरानें थरथरूं लागला होता. अंगाच्या थरथरीनें नळ्यांतील इंधनाचा प्रवाह कमीअधिक होई, त्यामुळें रेटा कमीअधिक होई, आणि रेट्यामुळें थरथर वाढे. शेवटीं द्रव ऑक्सिजनच्या वाटेंत हेलियम वायूची उशी ठेवून ती मोडली.

मोठेपणाबरोबर ही नाजूकता कां यावी? १६३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत गॅलिलिओनें याचें उत्तर हाडांच्या उदाहरणानें दिलें आहे. एखाद्या वस्तूची लांबी, रुंदी व उंची तिन्ही दुप्पट केली तर वजन आठपट होतें. पण तें पेलणाऱ्या सांध्याचा छेद चौपटच होतो. म्हणजे प्रत्येक चौरस इंचावर दुप्पट भार आला. लहान नमुना जसाच्या तसा वाढविला तर तो अधिक दुबळा होतो. आमच्या मुलांनीं तर केवळ उंचीच वाढविली होती.

येथें कोणी विचारील कीं, एवढा खटाटोप करून अग्निबाण मोठा करावाच कां? ओझें थोडें वाढलें तर इंधनहि थोडेंच वाढवावें. हें गणित तसें नाहीं. तें १९०३ मध्यें रशियांतील कलुगा गांवच्या कॉन्स्टान्टिन त्सिओल्कोव्स्की यांनीं प्रसिद्ध केलें. हे गृहस्थ शाळेंत गणित शिकवीत असत, हें आम्ही किंचित् अभिमानानें नमूद करितों. त्यांच्या सूत्राचा अर्थ असा कीं, वेगांत सारखी भर घालावयाची तर वजनास दर वेळीं सारख्या आंकड्यानें गुणावें लागतें. इंजिनांतून वायु सेकंदास ३ किलोमीटर वेगानें बाहेर पडतो असें धरा. केर्बिनभोंवतीं घिरट्या घालूं लागण्यास, हवेची व चढाची तूट धरून, सेकंदास सुमारें ३.४ किलोमीटर वेगाची तरतूद लागते. त्यासाठीं भरलेला अग्निबाण रिकाम्याच्या ३.१ पट जड असावा लागतो. आणखी ३.४ ची तरतूद हवी असेल तर सहापट नव्हे, तर साडेनऊ पटींहून अधिक. आपल्या पृथ्वीवरून हें साधावयास सुमारें ९.४ किलोमीटर लागतात, आणि तेथें हा आंकडा जवळजवळ २३ होतो! केर्बिन लहान ठेवण्याची सवलत घेतली हें बरें झालें, असें वर म्हटलें त्याचें कारण हें. खऱ्या पृथ्वीच्या मापाचा ग्रह असता तर नववीचीं मुलें पहिल्याच शनिवारीं हात टेकतीं.

म्हणून अग्निबाणाचे टप्पे करितात आणि रिकामी झालेली टाकी वाटेंत टाकून देतात. या खेळाच्या खेळाडूंमध्यें एक रचना फार प्रसिद्ध आहे. तिला ते अस्परागसचें नांव देतात, आपण तिला शतावरीची जुडी म्हणूं. मधल्या खांबाभोंवतीं सहा खांब उभे करावे. सातांचींहि इंजिनें एकदम पेटतात, पण इंधन सर्वांस पुरवितात ते प्रथम समोरासमोरचे दोनच खांब. नळ्यांवाटे तें बाकीच्यांकडे जातें. हे दोन रिकामे झाले कीं गळून पडतात, आणि उरलेल्या पांचांच्या टाक्या कांठोकांठ भरलेल्याच राहतात. मग दुसरी जोडी, मग तिसरी. जोडी समोरासमोरची असावी व एकदमच सुटावी. एका बाजूचाच खांब सुटला तर रेटा कण्यांतून जात नाहीं आणि पुन्हां उलटणें आलें. कागदावर ही युक्ति अतिशय काटकसरीची आहे. प्रत्यक्षांत सात खांब म्हणजे सात डोकीं, सांध्यांची गर्दी, आणि हवेस मोठा अडथळा. खऱ्या जगांत फाल्कन हेवी या अमेरिकन अग्निबाणांत असें इंधन वाटून घेण्याचा बेत प्रथम होता, पण तो सोडून देण्यांत आला, आणि ६ फेब्रुवारी २०१८ रोजीं तो त्यावांचूनच उडाला. १४ जुलै २०२३ रोजीं चंद्रयान ३ घेऊन गेलेल्या आपल्या एलव्हीएम ३ अग्निबाणाचा मार्ग साधा आहे: बाजूचे दोन घन इंधनाचे खांब त्यास उचलतात, आणि मधलीं द्रव इंधनाचीं इंजिनें तो आकाशांत गेल्यावर, जवळजवळ दोन मिनिटांनीं पेटतात. ज्या मुलांनीं तें उड्डाण पडद्यावर पाहिलें त्यांस तो क्षण ओळखतां आला असेल.

इंजिनें वाढवीत जाण्याचा मोह मुलांस फार होतो. त्यांस आम्ही एन १ या सोव्हिएट अग्निबाणाची गोष्ट सांगतों. त्याच्या पहिल्या टप्प्यास ३० इंजिनें होतीं. तो संपूर्ण टप्पा जमिनीवर एकदांहि पेटवून पाहिलेला नव्हता. १९६९ ते १९७२ या काळांत तो चार वेळां उडविला आणि चारहि वेळां पहिला टप्पा सुटण्यापूर्वींच नष्ट झाला. सॅटर्न ५ च्या पहिल्या टप्प्यास पांचच इंजिनें होतीं. तथापि संख्या हाच दोष असें आम्ही म्हणत नाहीं, कारण फाल्कन हेवी २७ इंजिनांनीं उठतो. दोष होता तो तुकडे एकत्र जोडल्यावर ते एकत्र कसे वागतात हें आधीं न पाहण्यांत.

खेळाचा एक दोषहि पालकांपासून लपवूं नये. अपघात झाला कीं एक बटन दाबावें, सारें पूर्ववत् होतें. पैसा जात नाहीं, कोणी मरत नाहीं. त्यामुळें मुलें विचार न करितां चार फेरफार एकदम करून पाहतात, आणि अग्निबाण सुधारला तरी कोणत्या फेरफारानें सुधारला हें त्यांस सांगतां येत नाहीं. म्हणून आम्हीं नियम केला: एका उड्डाणास एकच फेरफार, आणि वहींत नोंद झाल्यावांचून दुसरें उड्डाण नाहीं. हा नियम मंडळांत मुळींच लोकप्रिय नाहीं. ज्या मुलाची वही घरीं गेली त्यानें मात्र तो निमूटपणें पाळला. वार्षिक परीक्षेंत त्यास गणितांत एकेचाळीस गुण मिळाले. हे गुण अग्निबाणांमुळें मिळाले असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं, कारण त्या सहामाहींत त्याचे वडीलहि रोज संध्याकाळीं त्याच्याजवळ बसत होते.

मुलांचा तीन प्रवाशांचा अग्निबाण अखेरीस फेब्रुवारी महिन्यांत, वहीवरील एकविसाव्या नोंदीस, केर्बिनपासून ऐंशी किलोमीटर उंचीवर पोंचून घिरट्या घालूं लागला. वर्गांत एवढा गलका झाला कीं शेजारच्या वर्गाच्या बाई पाहावयास आल्या. मग कोणीतरी टाकीचा कांटा पाहिला. परत उतरण्यास लागणारें इंधन उरलें नव्हतें. त्या खेळांत सत्तर किलोमीटरच्या वर हवा मुळींच नाहीं, त्यामुळें तें यान आपण होऊन कधींहि खालीं येणार नाहीं. आणि केर्बलांस अन्नपाणी लागत नाहीं, ही त्यांतल्या त्यांत बरी गोष्ट. तिघे तेथें अद्याप फिरत आहेत. त्यांस आणावयास तीन रिकाम्या जागांचें दुसरें यान रचण्याचें काम या वर्षीं दहावींत गेलेल्या त्याच सहा जणांनीं हातीं घेतलें आहे. मागच्या शनिवारीं आकृति दाखवावयास तीच मुलगी आली होती. यानाचें डोकें या वेळीं आणखी रुंद आहे. "सर, पंख किती मोठे घेऊं?" असें तिनें विचारिलें, आणि या खेपेस आम्हीं उत्तर देण्यापूर्वीं तिची वही मागून घेतली.